क्रमिका-अवकाशांतील एकक गोलाचे रूप

सदिश-अवकाशावर नॉर्म बसविला म्हणजे त्यातील घटकांस लांबी प्राप्त होते, हे सर्वश्रुत आहे. त्या लांबीबरोबर अवकाशास एक आकारही प्राप्त होतो, याकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष घडते. भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यास अंबाडी येथे वज्रेश्वरीचा फाटा फुटतो. अंबाडीवरून वळून जाणाऱ्या वाटसरूच्या हिशेबी अंतर म्हणजे दोन्ही टप्प्यांची बेरीज; आकाशमार्गे जाणाऱ्या घारीच्या हिशेबी ते त्याहून कमी. दोघांचे प्रस्थान एक आणि मुक्कामही एक. भेद आहे तो केवळ अंतर मोजण्याच्या रीतीत. अनंत मितींच्या अवकाशांत हाच भेद दूरगामी ठरतो.

ज्या क्रमिकांच्या पदांच्या केवलमूल्यांच्या प-व्या घातांची बेरीज सांत असते त्यांचा अवकाश लप होय. त्या बेरजेचे प-वे मूळ हा त्यातील नॉर्म. परिबद्ध क्रमिकांच्या ल∞ मध्ये केवलमूल्यांची लघुतम उपरी सीमा हा नॉर्म घेतात. ज्यांचा नॉर्म १ हून अधिक नाही अशा घटकांचा संच म्हणजे एकक गोल. त्रिकोण-असमतेमुळे तो नेहमी बहिर्वक्र असतो. परंतु त्याचे पृष्ठ गोलाईदार असेलच असे नाही. दोन मितींत पाहिल्यास ल२ चा एकक गोल वर्तुळाकार, ल१ चा कोनावर उभा केलेल्या चौरसासारखा आणि ल∞ चा सरळ चौरस दिसतो. ल१ मध्ये (१, ०) व (०, १) यांच्या मध्यबिंदूचा नॉर्मही १ च भरतो, म्हणजे पृष्ठावर सपाट कडा आहेत. १ < प < ∞ असताना अशी एकही कड सापडत नाही. असा अवकाश काटेकोर बहिर्वक्र होय.

या सपाटपणाने काय बिघडते? ल∞ च्या द्विमितीय प्रतिकृतीत (०, १) या बिंदूपासून आडव्या अक्षावरील सर्वांत जवळचा बिंदू शोधू लागल्यास (−१, ०) पासून (१, ०) पर्यंतचे सर्वच बिंदू सारखे जवळ निघतात. निदान येथे उत्तर आहे, जरी ते एकमेव नसले तरी. शून्याकडे अभिसरण पावणाऱ्या क्रमिकांच्या स० या अवकाशात उत्तरच नाहीसे होते. क्ष१/२ + क्ष२/४ + क्ष३/८ + … = ० या अटीने मिळणारा संवृत उपावकाश घ्यावा आणि (१, ०, ०, …) या घटकापासून त्याचे अंतर काढावे. उपावकाशात योग्य घटक क्रमाने निवडीत गेल्यास अंतरे १, २/३, ४/७, ८/१५ अशी घटत जातात आणि १/२ च्या हवी तितकी जवळ येतात. पण १/२ हे अंतर कोठेही गाठले जात नाही. ते गाठावयाचे तर दोन घटकांतील वजाबाकीचे प्रत्येक पद १/२ असावे लागेल, आणि तशी क्रमिका शून्याकडे जात नाही, म्हणून ती स० मध्ये नाहीच. अंतर आहे, परंतु ते ज्याच्यापाशी मोजावे तो बिंदू नाही!

या अडचणीवरील उपाय क्लार्कसनने १९३६ साली एकसमान बहिर्वक्रतेच्या कल्पनेने दिला. एकक गोलाच्या पृष्ठावरील दोन बिंदूंतील अंतर अ पेक्षा कमी नसेल, तर त्यांचा मध्यबिंदू पृष्ठाच्या आत किमान ब इतका खोल असला पाहिजे, आणि ब हा बिंदूंच्या निवडीवर नव्हे, केवळ अ वर अवलंबून असला पाहिजे. ल२ मध्ये समांतरभुज चौकोनाच्या नियमावरून, अंतर अ असताना मध्यबिंदूचा नॉर्म नेमका √(१ − अ²/४) येतो. (हा नियम पाळणारा नॉर्म अंतर्गुणाकारातूनच येतो, हे जॉर्डन व फॉन नॉयमन यांनी १९३५ साली सिद्ध केले.) प चे मूल्य १ व ∞ यांच्या दरम्यान असताना लप एकसमान बहिर्वक्र असतो, हे क्लार्कसनच्या असमतांवरून निघते. आता पूर्ण अवकाशातील संवृत बहिर्वक्र संचाचे शून्यापासूनचे अंतर १ आहे असे समजू. ज्यांचे नॉर्म १ कडे जातात असे त्या संचातील बिंदू घेतल्यास त्यांचे मध्यबिंदूही संचातच राहतात, म्हणून त्यांचे नॉर्म १ च्या खाली उतरू शकत नाहीत. सबब ते बिंदू परस्परांपासून दूर राहू शकत नाहीत. क्रमिका कोशीची ठरते आणि जवळचा बिंदू एकमेव मिळतो.

ल२ मधील या सोयीचे एक उपयोजन महाराष्ट्रात आकारास आले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४३ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावर निबंध प्रसिद्ध केला. यादृच्छिक फलनाचा लंबकोनी फलनांत केलेला तो विस्तार आज कोसंबी-कारहुनेन-लोएव विस्तार म्हणून ओळखला जातो. विस्तार मध्येच तोडल्यास उरणारी मध्यम वर्ग-त्रुटी त्याच संख्येच्या पदांच्या इतर कोणत्याही एकघाती विस्ताराहून अधिक नसते. हे निकटतम बिंदूचेच रूप होय. कारहुनेन व लोएव यांचे काम यानंतरचे आहे. तरीही पुष्कळ ग्रंथांत पहिले नाव गाळले जाते, हे उचित नव्हे.

नॉर्म बदलून सपाट पृष्ठ गोलाईदार करता येईल काय? ल१ वर मूळ नॉर्म व ल२ चा नॉर्म यांची बेरीज घेतली की समतुल्य आणि काटेकोर बहिर्वक्र नॉर्म मिळतो. एकसमान बहिर्वक्रता मात्र कोणत्याही समतुल्य नॉर्मने मिळणार नाही. कारण मिलमन (१९३८) व पेटिस (१९३९) यांच्या प्रमेयानुसार एकसमान बहिर्वक्र बानाख अवकाश परावर्ती असतो, आणि ल१ परावर्ती नाही. परावर्तितादेखील पुरेशी नाही, हे डे याने १९४१ साली दाखविले. एक, दोन, तीन … मितींचे ल१ ओळीने ल२ च्या रीतीने जोडले असता अवकाश परावर्ती राहतो, पण त्यातील सपाट कडा कोणत्याही समतुल्य नॉर्मने एकसमान रीतीने घासून काढता येत नाहीत. नेमके कोणत्या अवकाशांस असा नॉर्म देता येतो, याचे पूर्ण उत्तर जेम्सच्या अतिपरावर्ती अवकाशांच्या कल्पनेच्या आधारे एन्फ्लो याने १९७२ साली दिले.

तथापि सपाट गोल सर्वच बाबतींत उणा असतो असे नाही. ल२ मधील एकक सदिश दुर्बल अर्थाने शून्याकडे जातात, परंतु प्रत्येकाचा नॉर्म १ च राहतो. ल१ मध्ये असे घडत नाही. तेथे क्रमिकांचे दुर्बल अभिसरण व नॉर्मनुसार अभिसरण एकच, हे शूर याने १९२१ सालीच सिद्ध केले होते.