बोट दुरुस्त झाली, नवी शिडं चढली... तरी एकटा खलाशी लगेच का निघत नाही?

एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली बोट मुंबईत बांधलेली होती. नाव 'सुहैली'. सागवानी लाकडाची, जेमतेम 32 फुटांची. खलाशी होता रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. 14 जून 1968 ला तो इंग्लंडच्या फालमथहून निघाला आणि 312 दिवसांनी तिथेच परतला.

आता प्रश्न असा, की जूनमध्येच का निघाला?

उत्तर आहे दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या केप हॉर्नमध्ये. तिथला समुद्र बारा महिने खवळलेला असतो, त्यातल्या त्यात बरा डिसेंबर ते फेब्रुवारी. तिकडे तेव्हा उन्हाळा असतो. सुहैली संथ बोट. तिला तिथे पोचायला सहा-सात महिने लागणार. मग तिथून उलटं मोजत यायचं. त्याने केप हॉर्न ओलांडलं ते 17 जानेवारी 1969 ला.

म्हणजे निघायची तारीख आधी ठरते आणि डागडुजी तिच्यामागे धावते. घोळ होतो तो इथेच.

याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्टही होता. 31 ऑक्टोबरपर्यंत निघायचं असा नियम होता. तो अगदी त्याच दिवशी निघाला, तेही अर्धवट तयार बोट घेऊन. आत शिरलेलं पाणी उपसायच्या पंपाचा पाइपसुद्धा किनाऱ्यावर राहिला होता! दक्षिणेच्या समुद्रात जायची त्याची हिंमत झाली नाही. अटलांटिकमध्येच फिरत तो खोटी प्रगती कळवत राहिला. जुलै 1969 मध्ये त्याची बोट सापडली, तो सापडला नाही. नऊ जण निघाले होते, शर्यत पूर्ण केली एकानेच.

गळत तर सुहैलीसुद्धा होती. पण नॉक्स-जॉन्स्टनकडे सामान होतं. भर समुद्रात बुडी मारून त्याने फटीत कापूस ठासला, वरून कॅनव्हासची पट्टी आणि तांब्याचा पत्रा ठोकला. पुढे टाकीतलं पिण्याचं पाणी खराब झालं, तेव्हा पावसाचं साठवलं. वाऱ्यावर चालणारं, आपोआप सुकाणू सांभाळणारं यंत्रही वाटेत मोडलं. एकट्या माणसाची झोप याच यंत्रावर अवलंबून असते. त्याने शिडं अशी बांधली, की बोट स्वतःच दिशा धरून राहील. बोट हाडामासाने ओळखीची असल्याशिवाय हे जमत नाही.

ही ओळख व्हायला चाचणी फेरी लागते, आणि वेळ कमी पडला की नेमकी तीच कापली जाते. नौदलाचे दिलीप दोंदे यांनी ती कापली नाही. गोव्यात बांधलेली 'म्हादेई' 2009 मध्ये हाती आल्यावर ते आधी मॉरिशसला जाऊन आले, परतीला एकटेच. मग 19 ऑगस्टला, ऐन पावसाळ्यात, त्यांनी मुंबई सोडली. ते वाटेत चार बंदरांत थांबले, पण केप हॉर्नचा हिशेब तोच होता. जानेवारीत ते तिथे होते आणि 19 मे 2010 ला परत मुंबईत.