विजेची स्कूटर घेताय? बॅटरीचे आधी विचारा

बाळकुमहून कशेळीच्या पुलावरून भिवंडीला तागे पाहायला जाणाऱ्या व्यापाऱ्याला विजेची स्कूटर रोजच्या खर्चात परवडते. पण गाडीतला सर्वात महाग भाग बॅटरी, आणि सौदा तिथेच तपासावा. पुण्याच्या बजाजने जानेवारी २०२० मध्ये आणलेल्या चेतकची बॅटरी गाडीतच पक्की बसवलेली. चार्जिंगला गाडीच प्लगपाशी न्यावी लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या हिरोच्या विडा व्ही-१ च्या बॅटऱ्या काढून घरात नेता येतात. चाळीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हा फरक लहान नाही.

मात्र निघणारी बॅटरी म्हणजे दुरुस्त होणारी बॅटरी नव्हे. लिथियम बॅटरीत अनेक सेल वेल्डिंगने जोडलेले असतात. एक गट कमजोर पडला तरी आतले सर्किट सगळा पुरवठा तोडू शकते. पाणी शिरू नये म्हणून पेटी बंदिस्त असते, काही वेळा आत चिकट रसायनही भरलेले. मग कारागिराने हात कुठे घालायचा? यंत्रमागाचा धोटा झिजला तर आपण धोटा बदलतो, माग भंगारात घालत नाही. तरीही पेटी गल्लीत उघडून घेऊ नका. आगीचा धोका आहे, वॉरंटीही जाते.

वॉरंटी संपल्यावर नवी बॅटरी कितीला, दुरुस्ती कुठे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकावरच टाकली आहे, तेही विचारा.