मेगच्या ठोक्यांचा मान

८ नोव्हेंबर २०२५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ ही रॉक जोडी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाली. सन्मान दोघांचा होता, पण तो घ्यायला जॅक व्हाइट एकटाच आला. ड्रमवादक मेग व्हाइट आली नाही.

१९९७ साली डेट्रॉईटमध्ये सुरू झालेल्या या जोडीची पहिली वर्षे छोट्या क्लबांत गेली. बास गिटार नाही, तिसरा वादक नाही. कपडे फक्त लाल, पांढरे, काळे.

मग २००२ उजाडले. मिशेल गाँद्रीने लेगोच्या ठोकळ्यांतून रचलेल्या ‘फेल इन लव्ह विथ अ गर्ल’च्या व्हिडिओला एमटीव्हीचे तीन पुरस्कार मिळाले. त्याच वर्षी लंडनच्या टो रॅग स्टुडिओत, आठ ट्रॅकच्या जुन्या यंत्रावर ‘एलिफंट’ हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. फेब्रुवारी २००४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अल्टरनेटिव्ह अल्बमचे ग्रॅमी मिळाले, त्यातले ‘सेव्हन नेशन आर्मी’ सर्वोत्कृष्ट रॉक गीत ठरले, आणि त्याच महिन्यात ब्रिट पुरस्कारही आला.

गीताचे ग्रॅमी गीतकाराला मिळते, म्हणून त्यावर नाव एकट्या जॅकचे. पण ते गाणे उभे राहते मेगच्या बास ड्रमच्या एकसारख्या ठोक्यांवर.

तरीही मेगला वाजवताच येत नाही, असे टीकाकार दशकभर म्हणत राहिले. २०२३ मध्ये एका पत्रकाराने तेच पुन्हा उगाळले. हा आरोप तेव्हाही चुकीचा होता, आजही आहे. जिथे बास नाही, तिथे संगीताचा सगळा भार ड्रमवर येतो. तो पेलताना मेगने एकही फालतू ठोका मारला नाही. हातांचा वेग मोजणाऱ्यांना हा संयम कधी ऐकूच आला नाही.

२००६ मध्ये ‘गेट बिहाइंड मी सेटन’ आणि २००८ मध्ये ‘इकी थंप’ यांनीही अल्टरनेटिव्ह अल्बमचे ग्रॅमी जिंकले. लागोपाठ तीन अल्बम, तिन्हींना तोच मान. २००८ मध्ये जोडी वा समूहाच्या सर्वोत्कृष्ट रॉक गायनाचे ग्रॅमीही त्यांचेच होते. पण त्याआधीच, २००७ च्या सप्टेंबरात, मेगला होणाऱ्या तीव्र मानसिक त्रासामुळे दौरा थांबला होता. फेब्रुवारी २०११ मध्ये जोडी संपली. दोनच महिन्यांनी ग्रॅमीने जोडी-समूहांचा तो स्वतंत्र विभागही मोडीत काढला.

हॉल ऑफ फेमच्या नोंदीत मात्र दोन नावे आहेत: जॅक व्हाइट आणि मेग व्हाइट.