जोड्या टिकतात, ताल सुटतो

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यात गिअरच्या दातांमध्ये भट्टीत मुद्दाम कार्बन मुरवतात. तिथे भेसळ ही खोट नसून ताकद असते. अतिवाहकतेच्या अभ्यासकांना हे पटायला वेळ लागला. १९११ मध्ये कॅमरलिंग ओनेस यांनी पारा घेतला, तो ऊर्ध्वपातनाने अगदी शुद्ध करता येतो म्हणून. सुमारे ४.२ केल्विनला त्याचा विद्युतरोध नाहीसा झाला, म्हणजे तो अतिवाहक झाला. पण १९५९ मध्ये फिलिप अँडरसन यांनी दाखवले की चुंबकीय नसलेली थोडी अशुद्धी अतिवाहकतेचे फारसे बिघडवत नाही. चुंबकीय अणू मात्र अतिवाहकता ज्यांवर उभी असते त्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्याच फोडतात. २००४ मध्ये तर बोरॉन भरपूर मिसळलेला हिरा सुमारे ४ केल्विनला अतिवाहक झाला. तिथे भेसळ नसती, तर अतिवाहकताही नसती.

मग भेसळ चालते तरी किती? कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने हा प्रश्न नायोबियम नायट्राइडच्या पातळ थरांना विचारला. अव्यवस्थेचा, म्हणजे स्फटिकाच्या रचनेतल्या बिघाडाचा, कस पाहायला हा पदार्थ उत्तम. थर बसवताना नायोबियम आणि नायट्रोजनचे प्रमाण बदलले, की स्फटिकातल्या रिकाम्या जागा कमीजास्त होतात. चांगला थर १६ केल्विनच्या आसपास अतिवाहक होतो. अव्यवस्था वाढली की हे तापमान घसरत जाते. संस्थेतच उभारलेल्या, ३५० मिलिकेल्विनपर्यंत थंड होणाऱ्या टनेलिंग सूक्ष्मदर्शकात हे थर हवा न लागू देता नेतात. तिथे धातूची सुई पृष्ठभागाला न टेकता त्याच्या अगदी जवळ थांबते. मधल्या फटीतून झिरपणारा प्रवाह मोजला, की जोडी फोडायला किती ऊर्जा लागते ते कळते.

घोळ पुढेच आहे. अतिवाहकतेचे तापमान ६ केल्विनच्या खाली घसरलेल्या थरांत तापमान वाढून विद्युतरोध परतल्यावरही जोडीची खूण, म्हणजे मोजमापातला खळगा, पुसली जात नाही. वारीत फुगडीच्या जोड्या हात न सोडता फिरत राहाव्यात, पण दिंडीचा एक ताल मोडावा, तसे हे: जोड्या टिकतात, त्यांची एकसाथ चाल सुटते. यावर आक्षेप रास्त आहे: अव्यवस्थेमुळे इलेक्ट्रॉनांचे परस्परांना ढकलणे वाढते, आणि तेवढ्यानेही मोजमापात खळगा पडतो. पण तो खळगा मोठ्या व्होल्टेजपर्यंत पसरलेला असतो. जोडीची खूण त्याच्या तळाशी वेगळी उमटते. शिवाय चुंबकीय क्षेत्र थरात किती खोल शिरते यावरून ताल धरून ठेवणारा ताठपणा कळतो; ते मोजले, तेव्हा ताल धरून ठेवणारा ताठपणाही अव्यवस्थेबरोबर ढासळताना दिसला. म्हणून ‘अशुद्धी अतिवाहकता मारते’ हे विधान अपुरे आहे. चुंबकीय अणू जोडी फोडतात. रिकाम्या जागांची गर्दी जोडी अधू करते, पण शेवटचा घाव तालावर घालते. गिअरला कार्बन किती आणि कुठवर मुरवायचा हे ठरवणाऱ्याला हा हिशेब नवा वाटू नये.