जिमखान्यातलं काम : खेळाडू नसलात तरी अर्ज करा

‘कमवा आणि शिका’ म्हटलं की लायब्ररी नाहीतर ऑफिस आठवतं. पण जिमखान्यालाही, म्हणजे कॉलेजच्या क्रीडा विभागालाही, मदतीला मुलं लागतात. सामन्यांच्या दिवसांत क्रीडा शिक्षक एकटे पुरे पडत नाहीत. कबड्डीचं मैदान आखायचं (मुलांचं 13 बाय 10 मीटर, मुलींचं 12 बाय 8), साहित्य मोजून द्यायचं, परत आलं की रजिस्टरमध्ये लिहायचं. यात खेळण्यापेक्षा हिशेब चोख लागतो. आपल्या मुलींनाही हे सहज जमेल.

‘कॉलेजला काय शिपाई व्हायला पाठवलं?’ असं घरात कुणी म्हणेलच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये ‘रयत’ काढली. तिच्या वसतिगृहांतली मुलं शेतात राबून शिकली, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

किन्हवलीत प्रवेश घेतानाच ऑफिसात योजनेची चौकशी करा, नोटीस बोर्डावर लक्ष ठेवा. उत्पन्नाचा दाखला शहापूर तहसीलमधून मिळायला वेळ जातो, तो आधीच काढा. बँक खातं विद्यार्थ्याच्याच नावाचं असू द्या. मुलाखतीला गेलात की रोजचे तास, मोबदला, परतीची एसटी आणि जुम्याच्या नमाजची वेळ तिथेच बोलून घ्या. रमजानमध्ये मैदानाऐवजी रजिस्टरचं काम मागता येतं.