रात्रीचे भय, दिवसाचा उपचार

माणूस आपल्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा झोपेत घालवितो. परंतु त्या हिश्श्यात काय घडते याविषयी तो फारसा विचार करीत नाही. दिवसा अंगात ताप भरला तर आपण वैद्याकडे जातो. रात्री भयाने घाम फुटला, तर सकाळी ती गोष्ट कोणापाशी काढीत नाही. काढलीच, तर घरातील वडीलधारे माणूस अंगारा लावते आणि शेजारीण हळूच विचारते, "काल तिन्हीसांजेला कोणत्या झाडाखालून आलात?" आज मला ज्या दोन अनुभवांविषयी बोलावयाचे आहे, ते म्हणजे दुःस्वप्न आणि झोपेत सर्वांग जखडून जाणे. यांची पुष्कळशी पीडा या न बोलण्यामुळे वाढते, असे माझे मत आहे.

यांपैकी दुसरा अनुभव प्रथम घेऊ. पहाटेच्या सुमारास जाग येते. डोळे उघडतात, खोली ओळखीची दिसते, खुंटीवरचा सदरादेखील दिसतो. पण हात उचलू जावे तर उचलत नाही, हाक मारू जावे तर कंठातून शब्द फुटत नाही. छातीवर कोणीतरी बसले आहे असे वाटते. कोपऱ्यात सावली उभी आहे, पावले वाजत आहेत, असाही भास होतो. काही क्षणांत, फार तर एकदोन मिनिटांत, सारे ओसरते आणि माणूस धडधडत्या काळजाने उठून बसतो. आपल्याकडे कोणी खविसाचे नाव घेतो, कोणी मुंजाचे, कोणी हडळीचे. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांनी तिला म्हातारी चेटकीण म्हटले. जपानी लोकांनी त्या अवस्थेला धातूच्या बंधनाची उपमा दिली. सात समुद्रांपलीकडच्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांच्या छातीवर हे ओझे त्याच रीतीने यावे, याचा अर्थ उघड आहे. याचे मूळ झाडावर किंवा आडावर नसून सर्व मनुष्यांना सारख्याच मिळालेल्या शरीरात आहे.

ते मूळ कसे आहे हे पाहू. १९५३ साली शिकागो येथे यूजिन असेरिन्स्की व नॅथॅनियल क्लाइटमन या संशोधकांनी दाखवून दिले की, झोपलेल्या माणसाचे डोळे रात्रीतून अनेकदा मिटल्या पापण्यांआड वेगाने हलू लागतात. आपली ठळक स्वप्ने बहुधा याच वेळी पडतात. साधारणपणे दर दीड तासाने ही स्वप्ननिद्रा येते आणि पहाटेकडे ती लांबत जाते. या अवस्थेत मेंदू हातापायांच्या स्नायूंना ढिले करून ठेवतो. ही निसर्गाची मोठी दूरदृष्टी होय. नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस खाटेवरून खरोखरच धावत सुटला असता. मात्र कधीकधी मन जागे होते आणि हे स्नायूंचे कुलूप उघडावयाचे राहून जाते. डोळ्यांपुढे खोली असते, स्वप्न अद्याप सरलेले नसते, आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. श्वासपटल आपले काम करीतच असते. पण छातीचे इतर स्नायू ढिले असल्यामुळे मुद्दाम खोल श्वास घेता येत नाही. छातीवरचे ओझे ते हेच. डॉक्टर याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. नावात पॅरालिसिस असला तरी लकव्याशी त्याचा संबंध नाही आणि या झटक्याने प्राणाला धोका नसतो. जागरण, झोपेच्या अनियमित वेळा, रात्रपाळी, मनावरील ताण आणि उताणे झोपणे यांनी तो ओढवण्याचा संभव वाढतो.

आता दुःस्वप्नाकडे वळू. चरकाने स्वप्नांचे जे सात प्रकार सांगितले आहेत त्यांत पाहिलेले, ऐकलेले आणि अनुभवलेले यांवरून पडणारी स्वप्ने अग्रभागी ठेविली आहेत. या वर्गीकरणाचा अर्थ आमच्या भोपाळ शहराइतका कोणाला कळणार? १९८४ साली २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. थंडीचे दिवस होते, वस्त्या गाढ झोपेत होत्या. माणसे खोकत, डोळ्यांची आग सोसत जागी झाली आणि अंधारात वाट फुटेल तिकडे धावली. हजारो लोक मरण पावले. जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांना पुढे झोपेचीच धास्ती वाटू लागली; कारण संकट आले होते ते झोपेतच.

लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. बी. बी. सेठी व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये येथील दवाखान्यांत आलेल्या ८५५ रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी १९३ जणांना, म्हणजे शेकडा बावीसहून अधिक लोकांना, मानसिक विकार जडलेला आढळला. खिन्नता आणि चिंता यांचे प्रमाण त्यांत मोठे होते. ही माणसे साध्या दवाखान्यांत आली होती. मनाची जखम दाखविण्यासाठी कोणत्या खिडकीपाशी उभे राहावे, हे त्यांना ठाऊक नव्हते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती प्रभृतींनी त्यानंतर येथील साध्या दवाखान्यांतील डॉक्टरांनाच मनोविकारांच्या उपचाराचे शिक्षण दिले, ही गोष्ट कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना किल्लारीची आठवण होईल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्री उशिरा झोपलेल्या गावांवर पहाटे चारच्या सुमारास दगडी घरे कोसळली. विषारी वायू आणि भूकंप ही संकटे भिन्न. पण रात्र आणि छप्पर यांवरचा माणसाचा विश्वास दोहोंनी सारखाच हिरावून घेतला.

येथे एक दुष्टचक्र सुरू होते. स्वप्नाच्या भीतीने माणूस झोप टाळतो. जागरणाने झोपेची घडी विस्कटते. ती विस्कटली की स्वप्ने आणि ते जखडणे अधिक वेळा गाठते. आणि भीती दुणावते. हे चक्र रात्री तोडता येत नाही. त्याला हात घालावा लागतो तो दिवसा.

तो कसा? दुःस्वप्न पुन्हापुन्हा पडत असेल, तर दिवसाउजेडी ते कागदावर लिहावे किंवा विश्वासाच्या माणसाला सांगावे. मग त्याचा शेवट आपल्या मनाप्रमाणे बदलावा. स्वप्नात दार उघडत नसेल तर ते उघडू द्यावे. धुरात हरवलेले मूल हाती लागू द्यावे. हे बदललेले स्वप्न रोज दहावीस मिनिटे डोळ्यांपुढे आणीत जावे. हा पोरखेळ वाटेल. पण अमेरिकेत बॅरी क्राकाव व त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर ही पद्धत योजिली, आणि त्यांची दुःस्वप्ने कमी झाल्याचे २००१ साली प्रसिद्ध केले. आघात फार मोठा असेल तर हा अभ्यास जाणकाराच्या देखरेखीखाली करणे बरे, आणि आरंभ सौम्य स्वप्नापासून करावा.

सर्वांग जखडले असता झगडू नये. झगडल्याने घबराट वाढते. 'हे ओसरणार आहे' असे मनाशी म्हणावे, श्वास सावकाश सोडावा आणि सारे लक्ष पायाच्या एका अंगठ्यावर किंवा हाताच्या एका बोटावर आणावे. ते हलले की बाकीचे अंग हळूहळू मोकळे होते. जवळ कोणी असेल तर त्याचा नुसता स्पर्शही पुरतो. म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. सुटका झाल्यावर लगेच आडवे न होता थोडा वेळ उठून बसावे. एरवी झोपण्याची वेळ एकच ठेवावी, कुशीवर झोपावे, आणि रात्रीचा चहा व मद्य टाळावे.

लहान मुलांची गोष्ट थोडी निराळी आहे. काही मुले झोपल्यावर पहिल्या काही तासांतच किंचाळत उठतात आणि आईलाही ओळखत नाहीत. सकाळी त्यांना काही आठवत नाही. त्यांना गदागदा हलवून जागे करू नये. पडूझडू नयेत एवढे पाहावे आणि शांतपणे पुन्हा निजवावे. वय वाढते तसे हे बहुधा आपोआप थांबते. मात्र जे मूल स्वप्न आठवून सांगू पाहते, त्याला "गप्प नीज" म्हणू नये. त्याचे शेवटपर्यंत ऐकावे.

देवाचे नाव घ्यावे की नाही, असे कोणी विचारील. अवश्य घ्यावे. आम्हां ख्रिस्ती लोकांच्या रात्रीच्या उपासनेतील एका प्राचीन लॅटिन गीतात दुःस्वप्ने दूर राहोत अशी याचना आहे. आणि किती मराठी घरांतील मुले रामरक्षा किंवा मारुतिस्तोत्र म्हणून निजतात, हे आपण जाणताच. प्रार्थनेने मन निवते, श्वास संथ होतो. पण प्रार्थना वेगळी आणि भूत उतरविण्याच्या नावाखाली आजारी माणसाला मारझोड करणे वेगळे. असे करणे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? स्वप्नांमुळे दिवसाचे काम बिघडू लागले, जुना प्रसंग जागेपणीही डोळ्यांपुढे उभा राहू लागला, दिवसा अनावर झोप येऊ लागली, किंवा वयस्क माणूस स्वप्नात लाथा-बुक्क्या मारू लागला, तर विलंब करू नये. रक्तदाबाच्या काही औषधांनीही दुःस्वप्ने पडतात. पण ती औषधे परस्पर बंद करू नयेत. आणि वायुपीडिताला रात्री दम लागत असेल तर ते मनाचे खेळ म्हणून सोडून न देता छातीचीही तपासणी करावी. १४४१६ हा टेली-मानस सेवेचा दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून चालू आहे. त्यावर विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते.

श्रोतेहो, १९८४ च्या त्या रात्री पाच वर्षांचे असलेले मूल आज चाळिशी ओलांडून गेले आहे. त्याच्या घरात कधी मध्यरात्री कोणी दचकून उठत असेल. तेव्हा दिवा लावावा, पाणी द्यावे, जवळ बसावे, आणि सकाळ झाल्यावर कामाच्या घाईत ती गोष्ट बुडू न देता विचारावे, "काल काय दिसले?" उपचाराचा आरंभ या एवढ्याशा प्रश्नापासून होतो.