पट आपला, पण पंच कोणाचा?



धान घरात आले, बांध्या मोकळ्या झाल्या आणि तोडणीच्या टोळ्या उतरल्या, की आपल्या झाडीपट्टीत दोनच विषय चालतात. एक, माझ्या उसाची पाळी कधी; आणि दुसरा, यंदा पट कोणकोणत्या गावी. पहिल्या विषयावर मी तुमच्या बांधावर येऊन बोलतोच, आणि बोलणीही खातो! आज दुसऱ्याविषयी चार शब्द लिहितो. उसाच्या अधिकाऱ्याला पटाशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. पण गोठ्यात बैल ज्याच्या, पटाचा शौक त्याच्याच. हंगामात शेतावर गेलो की बेण्याविषयी एक प्रश्न येतो आणि पटाविषयी तीन. परवानगी कोण देतो? आमच्या जोडीला हरवले ते बरोबर की चूक, हे कोणाला विचारायचे? दोन गावांनी एकाच दिवशी पट ठेवला तर खरा कोणता?

यातल्या पहिल्या प्रश्नाला आज पक्के उत्तर आहे. बाकीच्या दोहोंना नाही. घोटाळा नेमका इथेच आहे.

आधी परवानगीचे पाहू, कारण ती सहजासहजी मिळालेली नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० चा. त्या कायद्याखाली १९६२ साली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. पुढे ११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली आणि ज्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, सिंह यांच्या पंगतीला आपला बैल नेऊन बसवला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने दुसरी अधिसूचना काढून वाट मोकळी केली, तर चार-पाच दिवसांतच न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७ साली आपल्या विधिमंडळाने केंद्राच्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती आली, नियम झाले, आणि उच्च न्यायालयात पुन्हा अडले. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या कायम केल्या.

म्हणजे बघा, एका बैलजोडीवर किती धनी! केंद्र म्हणते माझा कायदा, राज्य म्हणते माझी दुरुस्ती, मंडळ म्हणते देखरेख माझी, आणि न्यायालय सगळ्यांच्या वर. ज्याच्या गोठ्यात जोडी बांधलेली, त्याला मात्र या साऱ्यात कोणी बोलावले नाही. बोलवायचे तरी कोणाला? आपल्या भागात पट भरवणारी समिती गावची, वर्गणी गावची, आणि इनाम वाटून झाले की समिती विसर्जित. दिल्लीत उभे राहून 'आमचे नियम हे, आम्ही ते असे पाळतो' असे सांगणारे झाडीपट्टीचे असे काही नव्हतेच. त्या वर्षांत कित्येक गावांचे पट थांबले. मंडईच्या निमित्ताने नाटके चालू राहिली, पण दिवसा पट आणि रात्री नाटक ही जी आपली जुनी जोड, तिचा एक बैल बसला. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांना विचारा, ते सांगतील.

आता सध्याचे नियम. पट भरवायचा तर आयोजकाने जिल्हाधिकाऱ्यांकडे मुदतीत अर्ज करायचा आणि पन्नास हजार रुपयांची हमी ठेवायची. धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा लांब नको. बैल तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा. चाबूक, काठी, खिळा, तुतारी, विजेचा झटका, शेपटी पिरगाळणे, दारू किंवा उत्तेजक औषध यातले काहीही चालत नाही. सगळ्या पटाचे चित्रीकरण करून द्यावे लागते. मोडाल तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. २०२३ च्या निकालात न्यायालयाने ही अंमलबजावणी काटेकोर करण्याची जबाबदारी खास करून जिल्हा दंडाधिकाऱ्यांवर टाकली आहे. तेव्हा साहेब कडक वागले म्हणून रागावू नका, त्यांच्याही मानेवर जू आहे. शिवाय २०२२ च्या लम्पी साथीत जनावरांचे बाजार आणि शर्यती बंद ठेवाव्या लागल्या होत्या, हे तुम्हाला आठवत असेल. साथ आली की पटाची परवानगी खिशात असूनही घरीच बसावे लागते.

(जाता जाता एक सांगतो. ऊस वाहणाऱ्या बैलालाही हाच १९६० चा कायदा लागू आहे, आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे वेगळे नियम आहेत. पटाच्या बैलाला तुपाची वाटी आणि गाडीच्या बैलाला तुतारीचे टोक, असा दुजाभाव काही ठिकाणी दिसतो तो बरा नव्हे.)

मात्र हे सगळे नियम नीट वाचा. त्यांत बैलाची काळजी आहे, निकालाची नाही. बैलाला मारले का, हे सरकार पाहते. कोणती जोडी आधी पोचली, गट बरोबर लावला का, सकाळी धावलेला बैल दुपारी दुसऱ्याच नावाने उतरला का, हे सरकार पाहत नाही, आणि पाहूही नये. ते त्याचे कामच नव्हे. ते काम खेळाच्या स्वतःच्या संघटनेचे. ती आपल्याकडे नाही. म्हणून काही गावी दोन धावपट्ट्या शेजारी शेजारी आखून दोन जोड्या सोडतात आणि हरेल ती बाद करतात, तर काही गावी एकच पट्टी आणि घड्याळ. कुठे बैलाचे नाक रेषेला लागले की जिंकला, कुठे जू लागले पाहिजे. धुरकऱ्याला प्रत्येक गावी नवा कायदा शिकावा लागतो, आणि भांडण झाले की लाउडस्पीकरवरचा माणूस सांगेल तो निकाल. वर अपील नाही.

राज्यभर एकच नियम करू म्हटले तर तेही कठीण आहे. पुण्याकडे शर्यत घाटात होते, गाड्याला चार बैल आणि पुढे घोडी पळते. सांगली-साताऱ्याकडे आरत-परत, म्हणजे जाऊन वळसा घालून परत यायचे. रायगड-ठाण्याकडे बिनजोड. आपल्या विदर्भातला शंकरपट या सगळ्यांहून निराळा, हलका छकडा आणि सरळ धाव. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट तर नावाजलेला, तिथे बायामाणसांचाही पट होतो. ज्याला घाट ठाऊक त्याने झाडीपट्टीचा नियम लिहू नये, आणि आपणही त्यांचा लिहू नये.

संघटना नसली की काय होते ते पाहिले. संघटना दोन झाल्या की काय होते तेही पाहा, आणि त्यासाठी लांब जायला नको. कुस्तीचे घ्या. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ ची, मामासाहेब मोहोळांनी उभी केलेली. महाराष्ट्र केसरीची गदा १९६१ पासून. २०२२ साली भारतीय कुस्ती महासंघाने परिषदेची मान्यता काढली आणि वर्ध्याचे जुने मल्ल व त्या वेळचे खासदार रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखालील नव्या संघाला जवळ केले. प्रकरण न्यायालयात गेले. परिणाम काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी! पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवून गदा घेतली, आणि तोच शिवराज राक्षे काही दिवसांनी धाराशिवला हर्षवर्धन सदगीरला हरवून केसरी झाला. २०२५ साली पुन्हा तेच: फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. पोरे घाम गाळून लढली, त्यांना मी काही म्हणत नाही. पण गावच्या पारावर 'यंदाचा केसरी कोण' असे विचारले तर दोन उत्तरे येतात, आणि दोन्ही खरी.

घोड्यांच्या खेळात हा पेच आपल्याआधी पुष्कळ वर्षांपूर्वी येऊन गेला. घोडेस्वारीची जागतिक संघटना १९२१ साली स्थापन झाली, आज तिचे कार्यालय स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे आहे. तिचा दंडक असा, की एका देशात एकच संघटना मान्य. आपल्या देशात ती मान्यता भारतीय अश्वारोहण महासंघाला आहे. पण या जागतिक संघटनेने आणखी एक नियम केला: मंजुरी नसलेल्या स्पर्धेत जो स्वार किंवा जो घोडा उतरेल, त्याला पुढे सहा महिने आमच्या स्पर्धेत मज्जाव. म्हणजे समजा, अमक्या गावच्या पटात जोडी नेली तर तमक्या गावी सहा महिने सोडणार नाही, तसे. एक नवी धनवान स्पर्धा निघाली, तिच्या आयोजकांनी बेल्जियमच्या स्पर्धा-नियंत्रण प्राधिकरणाकडे धाव घेतली, आणि २०१५ साली त्या प्राधिकरणाने हा नियम त्या स्पर्धेपुरता तात्पुरता थांबवला. पुढे २०१७ साली दोन्ही पक्षांत तडजोड झाली.

अमेरिकेत दुसरेच. तिथल्या अश्व-प्रदर्शनांच्या संघटनेचा असा नियम, की एका मोठ्या प्रदर्शनापासून ठराविक मैलांच्या आत त्याच तारखांना त्याच दर्जाचे दुसरे प्रदर्शन मंजूर करायचे नाही. एका आयोजकाने दावा लावला, की ही तर मक्तेदारी झाली. २००६ साली तिथल्या अपील न्यायालयाने संघटनेची बाजू उचलून धरली. त्या देशातही त्याआधी दोन संघटनांत काही वर्षे ओढाताण झाली होती, ती २००३ साली दोहोंची एक होऊन मिटली.

या दोन उदाहरणांतले तारखेचे मला पटते, मज्जावाचे पटत नाही. तारखा ठरवून घेण्यात कोणाचे नुकसान नाही. आपली मंडई एका गावाहून दुसऱ्या गावी कशी क्रमाने सरकते? तिथे कोणी कायदा केलेला नाही, पण पाहुण्यांची आणि नाटकांची सोय पाहून गावे तारखा सोडवतात. मग पटाचे तसेच का नको? मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, कुरखेडा इकडच्या समित्यांनी दिवाळीनंतर एकदा बसून तारखांची यादी केली, तर एकाच दिवशी तीन पट आणि मग पंधरा दिवस कोरडे, असे होणार नाही. पशुवैद्यकालाही एका दिवशी तीन ठिकाणी दाखले द्यावे लागणार नाहीत. पण 'आमच्याकडे आलास तर तिकडे जायचे नाही' असा हुकूम निघाला, तर तो शेतकऱ्याच्या गोठ्यावर कब्जा होय. बैल त्याचा, वैरण त्याची, मर्जीही त्याचीच राहावी.

संघ काढायचाच तर तो कोणाचा असावा? माझे मत स्पष्ट आहे. इनाम देणाऱ्याचा नको, मंडप बांधणाऱ्याचा नको, आणि निवडणूक जवळ आली की पट भरवणाऱ्याचा तर नकोच नको. जोडीवाल्यांचा आणि धुरकऱ्यांचा असावा. आपण सहकारातली माणसे. एक शेअर असो की शंभर, मत एकच, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. एक जोडी, एक मत. एका गावात दोन पार्ट्या, दोन समित्या आणि दोन पावती पुस्तके हा प्रकार मी पाहिलेला आहे. तसा तालुक्याचा संघ झाला तर कुस्तीच्या वाटेने जायला वेळ लागणार नाही.

आणि नियम? फार नकोत. रेषेला नाक धरायचे की जू, ते आधी फळ्यावर लिहा. घड्याळ कोणाच्या हातात, तेही लिहा. सरकारी नियमाप्रमाणे चित्रीकरण होतेच, तेच निकालाच्या तक्रारीलाही वापरा, वेगळा खर्च नाही. जोडीची नोंद करताना बैलाच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर उतरवून घ्या, म्हणजे सकाळचा सर्जा दुपारी राजा होऊन येणार नाही. शक्य तिथे एखादा गट आपल्या कठाणी बैलांसाठी राखा. चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा-गोंदियाचा हा काटक बैल राष्ट्रीय पशू ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदवला आहे. बाहेरून मोठ्या किमतीला आणलेल्या उंच बैलापुढे त्याला उभा करून हरवण्यात काय पुरुषार्थ? आणि तक्रार ऐकायला तीन पंच असावेत, तिन्ही त्या गावाबाहेरचे.

यंदा ज्यांच्या गावी पट आहे त्यांनी अर्जावर सही कोण करतो ते पाहून ठेवावे. हमीची रक्कम त्याच्या नावावर असते, आणि धावपट्टीवर कोणी तुतारी काढली तरी आधी विचारणा त्यालाच होते. सही करणाऱ्याने समितीचा ठराव लेखी घ्यावा आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी.

खोडव्यात पाचट न जाळता कसे ठेवावे, याविषयी पुढील अंकी.